काळी बाटली, लाल दुपट्टा

आमच्या शाळेचे पी.टी.चे सर कुणाच्या घरी गेले की चप्पल काढता काढताच विचारायचे, "पानी कुठलं आहे?" नमस्कार-चमत्कार त्यानंतर. बोअरचं आहे म्हटलं की लगेच बसायचे, नळाचं म्हटलं की थोडा विचार करून बसायचे, आणि विहिरीचं म्हटलं की पिशवीतून स्वतःची बाटली काढून मांडीवर ठेवायचे. यजमानीणबाईंनी दिलेला चहाचा कप आधी नाकाशी नेऊन हुंगायचे. यात आपण कुणाचा अपमान करतो आहोत हे त्यांच्या गावीही नसायचं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात, पंगत बसायच्या जरा आधी, त्यांनी मठ्ठ्याचं अख्खं पिंप आडवं केलं होतं. आचाऱ्यानं त्यात तलावाचं पाणी घातलं असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. व्याही तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नव्हते. सर म्हणायचे, "नाही बोलत तं नाही बोलत. हगवन तं नाही लागली ना त्याईले."

अंगानं काटक, रंगानं रापलेले, गळ्यात शिटी, डाव्या कानात कापसाचा बोळा आणि खांद्यावर लाल दुपट्टा. आमच्याकडे खांद्यावर टाकायच्या टॉवेलाला दुपट्टा म्हणतात. शिटी ते मयतीलासुद्धा घालून जायचे. हेडमास्तरांनी एकदा त्यांना त्यावरून हटकलं, तर सर म्हणाले, "आपले लोक लायनीत चालत नाहीत जी, कामात पडते." मी या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्टाफरूमच्या दारात अडवलं.

"मॅडम, पोहता येते?"

"नाही."

"मंग कायचं विज्ञान शिकवता तुम्ही?" असं म्हणून ते निघून गेले. मला त्यांचा राग आला होता, आणि पुढची बरीच वर्षं तो अधूनमधून येत राहिला. तो माणूस प्रेम करावं असा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पोरांना बांबूनं ढोसायचे, शिपायाला चारचौघांत बोलायचे, आणि स्वतःचं चुकलं असं मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं. ते पुढे येईलच.

आमच्या गावाला तलाव आहे. म्हणजे विशेष काही नाही, इकडे गावागणिक असतोच. त्याच्या गेटातून धानाला पाणी सुटतं, ढिवर त्यात जाळी टाकतात, गणपती त्यातच शिरवतात आणि मेलेल्या माणसाची राखही त्यातच. गावाच्या बाजूनं दगडी पायऱ्यांचा घाट आहे. उन्हाळ्यात अर्धं गाव त्या घाटावर पाण्यात असतं. कोष्टी आळीतली हातमागावर दिवसभर वाकलेली माणसं संध्याकाळी पाठ मोकळी करायला येतात, करडी-सानगडीकडून पाहुणे आले की त्यांनाही पोहायला इथंच आणतात. आणि याच घाटाच्या अंगाला, जेमतेम पाच-दहा पावलांवर, बाजाराची नाली तलावात उतरते. ती कुणी आणि कधी उतरवली हे कुणालाच माहीत नाही. नाली दिसते सगळ्यांना, तिच्याकडे बघत मात्र कुणी नाही.

या घाटावर सरांनी गावातल्या दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं. वाळलेला भोपळा पाठीला बांधायचा, पोरगं पाण्यात ढकलायचं आणि आपण पायरीवर उभं राहून लांब बांबूनं त्याला हाकायचं, ही त्यांची पद्धत. दर दोन मिनिटांनी एकच आरोळी ठोकायचे, "तोंड मीट!" तिचा आवाज पलीकडच्या धानाच्या बांधीपर्यंत जायचा. पाणी तोंडात गेलेलं पोरगं त्यांना दिसलं की शिटी वाजायची, आणि त्या पोरानं बाहेर येऊन बोअरच्या पाण्यानं चुळा भरायच्या. पोरांना ते माशांच्या नावानं हाक मारायचे. नुकता उतरलेला तो झिंगा, जरा हातपाय मारायला लागला की रोहू. मरळ ही पदवी फार थोड्यांना मिळाली. मुलींनाही त्यांनी पाण्यात उतरवलं, आणि त्यावरून बोलायला आलेल्या पालकांना विचारलं, "बुडतानी पानी पाहते का, पोट्टा आहे का पोट्टी?"

मात्र सर स्वतः कधी कंबरेच्या वर पाण्यात उतरायचे नाहीत. डोकं तर कधीच भिजवायचे नाहीत. सरांना पोहताच येत नाही, अशी गावात एक कुजबुज होती आणि बाकीच्या शिक्षकांनी ती चवीनं जपली होती. खरी गोष्ट अशी की तरुणपणी ते विद्यापीठाकडून पोहले होते आणि पुढच्या मोठ्या शिबिरासाठी निवडलेही गेले होते. त्या उन्हाळ्यात सरावाला ते याच तलावात पोहत राहिले. कान फुटला. घरच्यांनी गरम तेल घातलं, पू वाहायला लागला, पडदा गेला, शिबिर गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता डोकं पाण्याखाली न्यायचं नाही. नाली तेव्हाही तिथंच उतरायची, फक्त लहान होती. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोनं सांगितलं, वड्या थापता थापता, आणि वर म्हणाली, "तेव्हापासून ह्याईचं डोस्कं पान्यातच आहे, मॅडम. फक्त बुडवत नाही."

काळ्या बाटलीची सुरुवात माझ्या वर्गात झाली. आरोग्य उपकेंद्रातून मी पाणी तपासायच्या काही छोट्या बाटल्या मागून आणल्या होत्या. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरायचं, ते औषधानं पिवळसर होतं, मग झाकण लावून बाटली सावलीत ठेवून द्यायची. पाण्यात घाणीचे जंतू असतील तर ते दिवस-दोन दिवसांत काळं पडतं. मुलांना गंमत वाटावी म्हणून मी बोअर, नळ आणि तलाव अशा तीन बाटल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सर खडू मागायला आले आणि फळीवरच्या तिसऱ्या बाटलीकडे बघत उभे राहिले. ती डांबरासारखी काळी झाली होती.

"हे कुठलं?"

"घाटावरचं."

सर खडू न घेताच गेले. त्या दिवसापासून माझी प्रयोगशाळा माझी राहिली नाही.

रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी सर घाटावरून बाटली भरून आणायचे. कुठूनही नाही, जिथं पोरं उड्या मारतात तिथून, गुडघाभर पाण्यात उभं राहून, हात कोपरापर्यंत आत घालून. "वरवरचं पानी देखनं असते," म्हणायचे. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं की ही बाटली पिण्याच्या पाण्यासाठी आहे. उघड्या तलावाचं पाणी तिच्यात आज ना उद्या काळं पडणारच. यावर सरांनी स्वतःचा नियम काढला. काळी पडते की नाही हे बघायचंच नाही, किती लवकर पडते ते बघायचं. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत बाटली पिवळीच राहिली तर पोरांनी तोंड मिटून पोहायचं. त्याआधीच काळी पडली तर घाटाच्या फटीत बांबू रोवून त्याच्या टोकाला लाल दुपट्टा बांधायचा. दुपट्टा दिसला की त्यांचा एकही विद्यार्थी पाण्यात उतरायचा नाही. आणि पाऊस पडून नाली भरून वाहिली की बाटलीची वाटच बघायची नाही, दुपट्टा आधी. "बाटली कालचं सांगते मॅडम," ते म्हणायचे, "पोट्टे आज उतरतेत." हा नियम कितपत शास्त्रीय होता कुणास ठाऊक. पण त्या चार-पाच उन्हाळ्यांत माझ्या वर्गातली पोटदुखीची गैरहजेरी कमी झाली होती, एवढं मला हजेरी घेताना कळायचं.

गावाला मात्र त्या दुपट्ट्याचा वीट आला. पोरं घरी येऊन आईला सांगायची, आज घाट बंद आहे. आई म्हणायची, कोणाच्या बापाचा आहे घाट? मोठी माणसं दुपट्ट्याखालून उतरून निवांत डुंबायची आणि चूळ भरून सरांच्या अंगावर येईल अशी टाकायची. एकदा सरपंच शाळेत आले.

"सर, गावची बदनामी होऊन राहिली. पाहुने विचारतेत, तलावात मगर निघाली का म्हून."

"नाली हलवा. दुपट्टा काढतो."

"नाली काय आज आली का जी? अन् तुमची बाटली नेहमीच काळी. आमदाराच्या घरचं पानी भरलं तरी काळी होईल ते."

"मंग लॅबले बोलवा. सरकारी लॅब म्हनन ते खरं. लॅबनं योग्य म्हनलं तं मी माझ्या हातानं बोर्ड ठोकतो."

सरपंच हसून गेले. सर मात्र त्या वाक्याला धरून बसले. भंडाऱ्याला जाऊन अर्ज दिले, परत गेले, आणखी दिले. कागदावरच्या शिक्क्यावर या माणसाची विलक्षण श्रद्धा होती. स्वतःच्या हातानं रोज भरलेल्या बाटलीला ते कच्ची म्हणायचे. "आपलं काय मॅडम, अंदाज पंचे. लॅब म्हंजे लॅब." मला वाटायचं, एवढा कुणाच्याही चहावर विश्वास न ठेवणारा माणूस, कागद पाहिला की पाघळतो कसा?

मधे कोरोना येऊन गेला. सर वाचले, पण वास गेला तो परत आलाच नाही. चहाचा कप नाकाशी न्यायची सवय तशीच राहिली. हुंगायचे, काही कळायचं नाही, आणि मग कपाकडे असे बघायचे की आपल्यालाच ओशाळं व्हावं. शिपाई पोरांना सांगायचा, "सर आता एका कानानं अन् दोन्ही नाकानं गेले." मीही हसले होते.

त्याच सुमारास पायल सरांच्या हाती लागली. कोष्टी आळीतली, सातवीतली, माझ्याच वर्गातली. बाप मागावर बसायचा, आई कांड्या भरायची. पोरगी शाळेत मुखदुर्बळ, उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. पाण्यात मात्र तिचं निराळंच काही व्हायचं. भोपळा तिनं आठवड्यातच सोडून दिला. झिंगा नाही, रोहू नाही, सरांनी तिला एकदम मरळ म्हटलं. जिल्ह्याच्या निवडीला न्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं आणि पुढची स्वप्नंही बहुतेक रचून झाली होती, कारण एक दिवस स्टाफरूममध्ये ते आपण होऊन म्हणाले, "माझं जे शिबिर हुकलं ना मॅडम, तेथी हे जाईल." निवड जूनमध्ये होती. म्हणजे मे महिना सराव हवा, आणि नेमका त्या मे महिन्यात अवकाळी पाऊस झोडपत होता. नाली दुथडी वाहत होती आणि बांबूवरचा दुपट्टा उतरायचं नाव घेत नव्हता. पायल रोज घाटावर यायची, दुपट्टा बघायची आणि पायरीवर बसून कोरड्यातच हात मारायची.

आणि अशात लॅबचं पत्र आलं. माणूस येणार, घाटाचा नमुना घेणार.

मी तेव्हा सुट्टीत वर्ध्याला माहेरी होते. पुढचं जे सांगते ते नंतर कळलेलं आहे. लॅबचा माणूस सकाळी बर्फाचा डबा घेऊन गाडीतून उतरला. घाटावर सरपंच, सदस्य, हार, नारळ, नाश्त्याला पोहे. पायऱ्या झाडून लख्ख, आणि काठाकाठानं पांढऱ्या रेघा. सरांनी त्या रेघा पाहिल्या. जन्मभर मैदानावर फक्कीनं रेघा मारलेला माणूस. त्यांना वाटलं, पोहण्याच्या रांगा आखाव्यात म्हणून पंचायतीनं फक्की मारली. ते चक्क खूश झाले. ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याची पाठ थोपटली म्हणे. लॅबचा माणूस होडीतून मधे जाऊन पाणी घेतो म्हणत होता. सरांनी त्याला जाऊ दिलं नाही. "साहेब, मधात मासोळ्या पोहतेत. आमचे पोट्टे इथं पोहतेत, इथूनच घ्या." स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी जागा दाखवली.

आठवड्यानं कागद आला: आंघोळीस व पोहण्यास योग्य. खाली सही, शिक्का. मला त्यांचा फोन आला. एरवी फोनवर ते ओरडायचे, त्या दिवशी हळू बोलत होते. "मॅडम, आपली बाटली खोटी निघाली. मी चुकलो." त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते एकदाच. आणि नेमकं तेच खोटं होतं.

बोर्ड त्यांनी स्वतः ठोकला. शब्द दिला होता ना. सरपंचांनी गावात भोंगा फिरवला, सरांना शाल घातली, फोटो काढले. दुपट्टा सोडून त्यांनी खांद्यावर टाकला, शिटी वाजवली आणि पोरं पाण्यात उतरली. पायल पहिली. रोज सकाळ-संध्याकाळ सराव. बाटली भरायचं सरांनी सोडून दिलं होतं. लॅबनं सांगितल्यावर आता कशाला?

मी परत आले तोवर कोष्टी आळीत आणि बाजाराच्या बाजूला घरोघर पोरं तापानं पडली होती. टायफाइड. पंचायतीत चर्चा झाली आणि दोष गुपचुपवाल्यावर गेला. तुमच्याकडे त्याला पाणीपुरी म्हणत असतील. तो गरीब माणूस बाजारात गाडी लावायचा. चार टग्यांनी गाडी उलटी केली, पुदिन्याचं पाणी नालीत ओतलं आणि त्याला गावाबाहेर घालवलं. ते पाणीही शेवटी घाटावरच गेलं असेल. तलावाबद्दल कुणी ब्रसुद्धा काढला नाही. बोर्ड होता ना.

पायलला गावच्या डॉक्टरनं सलाइनवर ठेवलं. मग भंडारा, मग नागपूर. आतडीला भोक पडलं होतं. सर तिच्या बापाबरोबर नागपूरला राहिले, दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपले आणि दोन दिवसांनी कपडे न्यायला गावात आले. मी त्यांच्याबरोबर बसस्टँडकडे चालले होते, तेव्हा पाणीवाला भेटला. ग्रामपंचायतीचा व्हॉल्व्ह सोडणारा, टाकीत पावडर टाकणारा साधा माणूस. हात जोडून म्हणाला, "सर, पोट्टी कशी आहे जी? मी तं म्हनलो होतो सरपंचाले, अजून पावडर मांगवून टाकू म्हून. त्या दिवशी टाकलो तं किती साजरं पानी झालं होतं."

सर थांबले. "कोन्या दिवशी?"

"लॅबवाले साहेब आले त्या दिवशी. पहाटेच टाकलो ना जी, सगळ्या पायऱ्याईवर, पान्यात, काठानं रेघा मारल्या. ब्लिचिंग. टाकीची सगळी संपवली."

"कोन सांगतलं तुले?"

"कोनी नाही जी." तो भांबावला. "पाहुने येतेत घरी तं आपन सडा-सारवन करतोच ना. गावाची इज्जत आहे."

मला वाटलं सर त्याला मारतील. मारायलाच हवं होतं असंही वाटलं, मी खोटं कशाला बोलू? त्या पांढऱ्या रेघांना दवाखान्यासारखा वास आला असणार. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला आला असणार, लॅबच्या माणसालासुद्धा. त्यांना वाटलं असेल, गाव स्वच्छ आहे. ज्या एका माणसानं तो वास ओळखून नमुना ओतायला लावला असता, त्याचंच नाक गेलं होतं. जंतू मेले ते त्या पायऱ्यांपाशीच, आणि त्या सकाळपुरतेच. दुपारपर्यंत नालीनं नवे आणून सोडले असतील.

सरांनी पाणीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी चूक नाही बावा," एवढंच म्हणाले आणि बसमध्ये चढले. मला ते बोलणं तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. सरपंचांना मी जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, पावडर टाकनं गुन्हा आहे का? अन् कागद सरकारचा आहे, आमचा नाही." आजही ते सरपंच आहेत आणि बोर्ड तिथंच आहे. मागच्या वर्षी त्याला रंगही दिला. सर पुढे नागपूरला मुलाकडे राहायला गेले ते परत आले नाहीत. तिथं त्यांच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे आणि त्याचं पाणी एक माणूस रोज सकाळी तपासतो, असं त्यांची बायको फोनवर सांगत होती. सर म्हणे गॅलरीत खुर्ची टाकून ते बघत बसतात.

पायल वाचली नाही. पण मला सांगायचं आहे ते तिच्या तिसऱ्या दिवसाचं. लहान लेकरांचं आमच्याकडे तिसऱ्या दिवशीच आटोपतात. राख तलावात शिरवायची, आणि सोबत आलेल्या सगळ्यांनी तिथंच बुडी मारून, चूळ भरून सुतक धुवायचं. मी बायकांबरोबर पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर उभी होते. माझ्याशेजारी पाण्याचा एक टँकर उभा होता. कुणी आणला ते मला आधी कळलं नाही.

माणसं मडकं घेऊन घाटावर आली तेव्हा सर खालच्या पायरीवर उभे होते. बाजूला बांबू रोवलेला, वर लाल दुपट्टा. लोक उतरायला लागले आणि सरांनी शिटी वाजवली. त्यांतले बहुतेक जण त्यांच्याच हाताखाली पोहायला शिकलेले; पाय आपोआप थांबले.

"राख शिरवा," सर म्हणाले. "आंघोळ इथं नोको. मी बोअरचं पानी आनलं आहे, पारीवर टँकर आहे. तेथी करा. पाया पडतो."

एक म्हातारा म्हणाला, "सर, टँकरच्या पान्यानं सुतक फिटते का जी? पोट्टीले मोक्ष पाहिजे ना."

सरांनी पायलच्या बापाकडे पाहिलं. तो मडकं छातीशी धरून उभा होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यानं मान वर करून बोर्डाकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, योग्य आहे ना पानी? तुमीच तं बोर्ड लावला."

त्याला खरंच विचारायचं होतं. पावडरीचं त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. सर बाजूला झाले. माणसं पाण्यात उतरली, राख शिरवली, बुड्या मारल्या. मग सरांनी गळ्यातली शिटी काढून पायरीवर ठेवली. कानातला कापसाचा बोळा काढून तोही शिटीजवळ ठेवला. पायऱ्या उतरत कंबरेपर्यंत गेले, छातीपर्यंत गेले आणि डोकं पाण्याखाली घातलं. वर यायला त्यांना इतका वेळ लागला की पारीवरच्या बायका पुढे सरकल्या. वर आले तेव्हा पायलच्या बापाशेजारी उभे राहून त्यांनी ओंजळ भरली, इतरांसारखीच, आणि तोंडात घेतली. जन्मभर त्या घाटावर तोंड मीट म्हणून ओरडलेला माणूस. मला ओरडावंसं वाटलं.

सगळे ओलेत्यानं घराकडे निघाले. टँकरकडे कुणी फिरकलं नाही. ड्रायव्हर बिडी विझवून माझ्याजवळ आला.

"मॅडम, मले दुसरी फेरी आहे. हे पानी कुठी सोडू?"

त्यानं जरा वाट पाहिली आणि मागची तोटी उघडली. बोअरचं ते स्वच्छ पाणी पारीच्या उतारावरून नालीत गेलं आणि नालीतून घाटापाशी तलावात.